व्हाइट हाउस उभारणारा सुतार: जेम्स होबन



आपल्या चर्चच्या दर्शनी भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. मिस्सा संपल्यावर बाहेर पडताना तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. कोनशिलेला आशीर्वाद कोणी दिला, त्या वेळी प्रमुख धर्मगुरू कोण होते, मोठ्या देणग्या कोणी दिल्या, हे सारे त्या पाटीवर कोरलेले आहे. मागे पावसाळ्यापूर्वी छपराची कौले उतरवली, तेव्हा आम्ही शिडीने वर चढून पाहिले. आतल्या जुन्या सागवानी कैच्या इतक्या नेटक्या सांधलेल्या होत्या, की कामावर आलेला सुतार बराच वेळ नुसता हात फिरवत उभा राहिला. मग त्याने विचारले, फादर, हे काम कोणाचे? आम्हाला उत्तर देता आले नाही. पाटीवर त्या सुताराचे नाव नाही.

त्या दिवसापासून आमच्या मनात एका माणसाचे चरित्र घोळत आहे. तोही सुतारच होता. तो कॅथलिक होता, गरीब कुळाच्या घरात जन्मला होता आणि त्याने बांधलेले घर आज जगातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध घर आहे. वॉशिंग्टनमधील व्हाइट हाउस आपण दूरदर्शनच्या बातम्यांत कितीदा तरी पाहिले असेल. ते उभारणारे जेम्स होबन हे आयर्लंडचे सुपुत्र. त्यांची कथा अभिमान वाटावा अशी आहे. पण तिच्यात एक काटाही आहे आणि तो लपवून ती सांगणे बरोबर होणार नाही.

कुळाच्या घरातला मुलगा

अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आयर्लंडच्या किल्केनी परगण्यात, कॅलन गावाजवळ, डेझार्ट नावाच्या जमीनदारीत होबन यांचा जन्म झाला. जमीन आणि वाडा होता कफ घराण्यातल्या सरदाराचा. होबन कुटुंब त्या जमिनीवरचे साधे कूळ.

त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिक असणे म्हणजे काय होते, हे आपण समजून घेतले पाहिजे. देशातील बहुसंख्य लोक कॅथलिक होते, पण सत्ता इंग्रजांची आणि प्रॉटेस्टंट जमीनदारांची होती. कॅथलिकांच्या विरुद्ध कडक कायदे केलेले होते. कॅथलिक माणसाला जमीन विकत घेता येत नसे. भाडेपट्ट्याने घ्यायची तर ३१ वर्षांहून अधिक मुदतीने घेता येत नसे. त्याला शाळा चालवण्यास मनाई होती. संसदेत बसता येत नसे आणि १७२८ पासून तर मतदानाचा हक्कही काढून घेतलेला होता. त्या शतकाच्या सुरुवातीच्या कठीण वर्षांत गावोगावचे भाविक रानातल्या एखाद्या कातळाभोवती जमून मिस्सा ऐकत असत. होबन वाढत होते तेव्हा ह्या कायद्यांची धार थोडी कमी झाली होती. १७७८ आणि १७८२ मध्ये काही बंधने सैलही झाली. तरीही कुळाच्या पोराने मोठे होऊन घरे आखावीत, असे स्वप्न कोणी पाहत नसे.

छोट्या जेम्सच्या हाती आली करवत आणि रंधा. तो सुतारकाम शिकला, गाड्यांची चाके बनवायला शिकला. चाक बनवणे हे सोपे काम नव्हे. आरे, पाटे आणि तुंबा ह्यांचे माप जरा चुकले, तर भरलेली गाडी रस्त्यात मोडते. मापाची ही शिस्त पुढे त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

डब्लिनमधली शिकवणी

मुलाच्या हातातले कसब लक्षात आल्यावर त्याला डब्लिनला जाण्याची संधी मिळाली. तेथे डब्लिन सोसायटी नावाच्या संस्थेने चित्रकलेच्या आणि आराखड्यांच्या शाळा चालवल्या होत्या. कारागिरांच्या मुलांना तेथे विनामूल्य शिकता येई. वास्तुरचनेच्या वर्गाचे मुख्य शिक्षक होते टॉमस आयव्हरी. ते स्वतः नामवंत वास्तुविशारद होते. होबन त्यांचे विद्यार्थी झाले आणि १७८० मध्ये जिने, छपरे व आधाराचे घोडे ह्यांच्या रेखाटनांसाठी संस्थेचे पदक त्यांनी मिळवले.

बंधूंनो, ह्या पदकाकडे जरा लक्ष द्या. राजवाड्याच्या सुंदर दर्शनी भागाच्या चित्रासाठी ते मिळालेले नाही. जिना कसा चढतो, छप्पर कशावर टेकते, हे नीट काढून दाखवले म्हणून मिळाले आहे. होबन पुढे मोठे झाले तरी त्यांचा पाया सुताराचाच राहिला.

डब्लिन तेव्हा भराभर बदलत होते. मोठमोठ्या सार्वजनिक इमारती उठत होत्या. शहराच्या एका बाजूस लेन्स्टर हाउस नावाचा एक भव्य दगडी वाडा होता. रिचर्ड कॅसल ह्या वास्तुविशारदाने तो १७४५ नंतरच्या काही वर्षांत किल्डेअरच्या सरदारासाठी बांधला होता. मध्यभागी चार खांबांवर टेकलेला त्रिकोणी माथा, दोन्ही बाजूंना ओळीने खिडक्या, सारे समतोल. कुळाचा हा मुलगा त्या वाड्यावरून कितीदा गेला असेल! आत राहायला त्याला कोणी बोलावणार नव्हते. पण डोळ्यांनी पाहिलेले कोणी काढून घेऊ शकत नाही. त्या वाड्याचे रूप त्याने मनात साठवले. ते पुढे समुद्रापलीकडे उगवणार होते.

नव्या देशात

अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडशी लढून स्वातंत्र्य मिळवले आणि १७८३ मध्ये तह झाला. थोड्याच काळात होबन जहाजाने अमेरिकेला गेले. १७८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात त्यांची जाहिरात आढळते. ज्या सद्गृहस्थांना सुबक घर बांधून हवे असेल त्यांनी भेटावे, नव्या धर्तीचे सुतारकाम करून मिळेल, असा तिचा आशय आहे. आपल्याकडे गावातून शहरात आलेला कारागीर ओळखीपाळखीने काम शोधत फिरतो, तसेच हे.

पुढे ते दक्षिणेला, साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन बंदरात गेले. तेथे पियर्स पर्सेल नावाच्या भागीदाराबरोबर त्यांनी बांधकामाचा धंदा सुरू केला. १७९० मध्ये दोघांनी तरुण कारागिरांसाठी संध्याकाळचा रेखाटनवर्गही काढला. स्वतःला फुकट मिळालेले शिक्षण आता ते पुढच्यांना देऊ लागले होते. चार्ल्सटनचे जुने विधिमंडळ भवन १७८८ मध्ये जळाले होते. ते न्यायालय म्हणून पुन्हा उभारले गेले आणि त्या कामाचे श्रेय होबन यांना दिले जाते.

चार्ल्सटन हे मोठे व्यापारी शहर होते, पण तेथल्या श्रीमंतीचा पाया गुलामगिरीवर होता. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे तेथे बाजारात विकली जात. हा मुद्दा आम्ही येथे नुसता नोंदवून ठेवतो. पुढे त्याकडे परत यायचे आहे.

राष्ट्राध्यक्षांचे घर

१७९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दक्षिणेच्या दौऱ्यावर चार्ल्सटनला येऊन गेले. त्याच सुमारास पोटोमॅक नदीच्या काठी नव्या राजधानीची आखणी चालू होती. पियेर लाँफाँ ह्या फ्रेंच अभियंत्याने शहराचा नकाशा तयार केला. राष्ट्राध्यक्षांसाठी त्याच्या डोक्यात अवाढव्य राजवाडा होता. पण कोणाचेच ऐकायचे नाही ह्या स्वभावामुळे १७९२ च्या आरंभी त्याला काम सोडावे लागले. मग राजधानीचे काम पाहणाऱ्या तीन आयुक्तांनी राष्ट्राध्यक्षांच्या घरासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. बक्षीस होते ५०० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे पदक. ह्या तीन आयुक्तांपैकी एक होते डॅनियल कॅरल. ते अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप जॉन कॅरल ह्यांचे सख्खे भाऊ.

होबन चार्ल्सटनहून निघाले, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना भेटले, त्यांचे ओळखपत्र घेऊन आयुक्तांकडे गेले आणि प्रत्यक्ष जागा पाहून आले. १७९२ च्या जुलैमध्ये निकाल लागला. होबन यांचा आराखडा निवडला गेला. बक्षिसातून त्यांनी सोन्याचे पदक मागून घेतले आणि उरलेली रक्कम रोख घेतली. कारागिराला रोकड लागतेच, पण त्या पदकाची हौसही त्यांना होती, हे वाचून आम्हाला बरे वाटले.

त्यांच्या आराखड्यात डब्लिनच्या लेन्स्टर हाउसची छाया स्पष्ट दिसते. तोच त्रिकोणी माथा, तेच चार खांब, तशाच खिडक्यांच्या ओळी. दक्षिण बाजूस मात्र त्यांनी बाहेर फुगवटा दिलेले अंडाकृती दालन योजले. (आज बातम्यांत ज्याचा उल्लेख होतो ते राष्ट्राध्यक्षांचे अंडाकृती कार्यालय वेगळे. ते १९०९ मध्ये बाजूच्या भागात बांधले गेले. पण त्या आकाराची सुरुवात होबन यांच्या दालनापासूनच झाली.) लेन्स्टर हाउस आज आयर्लंडच्या संसदेचे घर आहे. एका सरदाराचा वाडा दोन लोकशाही देशांच्या उपयोगी पडावा, ही इतिहासाची मौज आहे.

१३ ऑक्टोबर १७९२ रोजी कोनशिला बसवली गेली. मूळ आराखडा तीन मजल्यांचा होता. दगड पुरणार नाही हे दिसल्यावर १७९३ मध्ये एक मजला कमी करण्यात आला. उलट वॉशिंग्टन यांच्या इच्छेने घराची लांबीरुंदी वाढवली गेली. शेवटी वाडा झाला १६८ फूट लांब आणि ८५ फूट रुंद. दगड व्हर्जिनियातील अक्विया खाडीजवळच्या खाणीतून होडक्यांनी आणला जाई. तो वालुकामय, मऊ दगड. पाणी पितो आणि थंडीत गोठून फुटतो. म्हणून १७९८ मध्ये भिंतींना चुन्याचा जाड हात दिला गेला. घर पांढरे झाले ते तेव्हापासून. ‘व्हाइट हाउस’ हे नाव मात्र सरकारदरबारी १९०१ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी पक्के केले.

१ नोव्हेंबर १८०० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स राहायला आले, तेव्हा घर अर्धवटच होते. भिंतींचा गिलावा ओला, मुख्य जिना अजून व्हायचा. पूर्वेकडच्या मोठ्या रिकाम्या दालनात बाईसाहेब दोरी बांधून कपडे वाळत घालीत. घर बांधलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

पगारपत्रकावरची पाच नावे

आता त्या काट्याकडे येऊ.

ह्या घरासाठी काम करणारे कोण होते? एडिनबराहून आलेले पाथरवट होते. उत्तरेकडच्या दारावरील फुलांच्या माळा स्कॉटिश हातांनी कोरलेल्या आहेत. आयरिश मजूर होते, स्वतंत्र कृष्णवर्णीय कामगार होते. आणि फार मोठ्या संख्येने गुलाम होते. आयुक्तांनी १७९२ मध्येच ठरवले होते, की आसपासच्या मालकांकडून गुलाम वर्षाच्या कराराने भाड्याने घ्यावेत. मालकाने त्यांना कपडे आणि एक घोंगडी द्यावी, आयुक्तांनी खायला घालावे आणि वर्षाचे २१ पौंड द्यावेत. हे पैसे मालकाला. ज्याने दगड फोडला, झाडे तोडली, विटा भाजल्या, त्याच्या हाती काही नाही.

१७९५ च्या एका पगारपत्रकात सुतारांमध्ये पाच नावे आहेत: टॉम, पीटर, बेन, हॅरी आणि डॅनियल. आडनावे नाहीत. हे पाचही जण गुलाम होते. त्यांतले चौघे जेम्स होबन यांच्या मालकीचे होते. त्यांच्या कामाचा पैसा होबन यांना मिळत असे.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. ज्याच्या बापाला स्वतःच्या देशात जमीन विकत घेता येत नव्हती, ज्याला धर्मामुळे कमी लेखले गेले, ज्याने स्वतः रंधा मारून घाम गाळला, त्याच माणसाने दुसऱ्या चार सुतारांच्या घामाचे पैसे खिशात घातले. स्वातंत्र्याच्या घोषणेवर उभ्या राहिलेल्या राष्ट्राच्या पहिल्या घरात हे घडले. होबन ह्यांना ते विचित्र वाटले असेल असे कोठे दिसत नाही. त्यांच्या भोवतालचे मोठे लोक तसेच करीत होते. वॉशिंग्टन यांच्याकडे गुलाम होते. मेरीलँडमधल्या कॅथलिक घराण्यांकडे होते. आणि सांगताना मान खाली जाते, पण तेथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या मळ्यांवरही होते. १८३८ मध्ये त्या धर्मगुरूंनी २७२ स्त्रीपुरुष व मुले विकली. आलेल्या पैशातून जॉर्जटाऊनच्या त्यांच्या महाविद्यालयाचे कर्जही फेडले गेले. त्याबद्दल येशूसंघाने आणि त्या विद्यापीठाने २०१७ मध्ये त्या लोकांच्या वंशजांसमोर जाहीर क्षमा मागितली.

तो काळच तसा होता, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. १५३७ मध्येच पोप तिसरे पॉल ह्यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करू नये, असे सांगितले होते. १८३९ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनी आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. म्हणजे विवेकाचा आवाज अगदीच नव्हता असे नाही. तो ऐकणे सोयीचे नव्हते. स्वतःवर झालेला अन्याय माणसाला आपोआप न्यायी बनवत नाही. त्यासाठी वेगळी कृपा लागते आणि ती मागावी लागते.

धर्मग्रामाचे आधारस्तंभ

होबन यांच्याबद्दल एवढेच लिहून थांबलो, तर तेही अन्यायाचे होईल. नव्या राजधानीत शेकडो आयरिश कॅथलिक कामगार आले होते, पण त्यांच्यासाठी चर्च नव्हते. १७९४ मध्ये आयर्लंडहून आलेले डॉमिनिकन धर्मगुरू फादर अँथनी कॅफ्री ह्यांनी संत पॅट्रिकच्या नावाने धर्मग्राम सुरू केला. त्याच्या स्थापनेत होबन यांनी पुढाकार घेतला. राजधानीतला तो पहिला कॅथलिक धर्मग्राम. आजही संत पॅट्रिक चर्च वॉशिंग्टनच्या मध्यवस्तीत आहे. एकीकडे राष्ट्राध्यक्षांचे घर बांधायचे आणि दुसरीकडे मजुरांना मिस्सेसाठी छप्पर मिळावे म्हणून धडपडायचे, ही दोन्ही कामे एकाच माणसाची.

१७९९ मध्ये त्यांनी सुझाना सेवॉल हिच्याशी विवाह केला. त्यांना दहा मुले झाली. १८०२ मध्ये वॉशिंग्टन शहराचा नगरकारभार सुरू झाला, तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, ते नगरसभेचे सदस्य होते. कॅथलिकांना संसदेचे दार बंद असलेल्या देशातून आलेल्या माणसाला येथे लोकांनी पुन्हा पुन्हा निवडून दिले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १७९३ मध्ये राजधानीत फ्रीमेसन मंडळाची शाखा निघाली, तिचे पहिले प्रमुख होबन होते. पोप बारावे क्लेमेंट ह्यांनी १७३८ मध्येच कॅथलिकांना त्या मंडळात जाण्यास बंदी केली होती. तेव्हा आपल्या ह्या पूर्वजाला कोनाड्यात बसवून मेणबत्ती लावावी, असा आमचा हेतू नाही. रविवारी मिस्सेला येणारे, चर्चच्या कामाला धावणारे आणि तरीही काही गोष्टींत मनाचेच करणारे धर्मग्रामस्थ आम्ही पाहिलेच नाहीत असे थोडेच आहे!

सगळीच कामे यशस्वी झाली असेही नाही. १७९३ मध्ये त्यांनी आखलेले एक भव्य हॉटेल सोडतीच्या बक्षिसासाठी बांधायला घेतले होते. ती सोडतच फसली. इमारत हॉटेल म्हणून कधी पुरी झाली नाही. पुढे तेथे टपाल आणि पेटंटची सरकारी कार्यालये गेली आणि १८३६ मध्ये ती जळून खाक झाली.

आग आणि पुन्हा आरंभ

२४ ऑगस्ट १८१४ रोजी इंग्रजांचे सैन्य वॉशिंग्टनमध्ये शिरले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षांचे घर पेटवून दिले. आठ वर्षे खपून उभारलेले घर एका रात्रीत गेले. काळवंडलेल्या दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

अशा वेळी काय करावे? काहींनी राजधानीच दुसरीकडे न्यावी असे सुचवले. पण घर होते तसेच पुन्हा बांधायचे ठरले आणि १८१५ मध्ये होबन यांनाच बोलावणे आले. आपल्याच हातचे काम जळालेले पाहायचे आणि पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात करायची, हे सोपे नाही. तडकलेल्या भिंती अनेक ठिकाणी उतरवून पुन्हा चढवाव्या लागल्या. तरी १८१७ च्या शरद ऋतूत राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो तेथे राहायला आले. पहिल्या वेळी आठ वर्षे लागली होती, ह्या वेळी तिसऱ्या वर्षीच घर उभे राहिले.

ह्या घाईची किंमत मात्र होती. आतल्या काही भिंती पहिल्या वेळी विटांच्या होत्या, त्या आता लाकडाच्या सांगाड्यावर उभारल्या गेल्या. पुढच्या पिढ्यांनी नळ आणि विजेच्या तारांसाठी तुळया कोरल्या, १९२७ मध्ये वर जड मजला चढवला. १९४८ मध्ये घर धोकादायक ठरले. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या कारकिर्दीत आतला सगळा भाग काढून पोलादी सांगाडा उभारला गेला. १९५२ मध्ये ते काम पुरे झाले. बाहेरच्या दगडी भिंती मात्र ठेवल्या. म्हणजे आज आपण जे पाहतो ते बाहेरचे रूप अजूनही होबन यांचे आहे. दक्षिणेची अर्धगोल ओसरी १८२४ मध्ये आणि उत्तरेची खांबांची ओसरी १८३० च्या सुमारास त्यांच्याच देखरेखीखाली पुरी झाली. तेव्हा ते म्हातारे झाले होते. एकाच घरासाठी एका माणसाने जवळजवळ चाळीस वर्षे दिली.

८ डिसेंबर १८३१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, जेम्स होबन देवाघरी गेले. कुळाचा हा मुलगा मरताना सुमारे ६० हजार डॉलरची मालमत्ता मागे ठेवून गेला. आधी त्यांना दुसऱ्या दफनभूमीत पुरले होते. १८६३ मध्ये त्यांचे अवशेष माउंट ऑलिव्हेट ह्या कॅथलिक दफनभूमीत नेण्यात आले. १९८१ मध्ये अमेरिका आणि आयर्लंड ह्या दोन्ही देशांनी त्यांच्या नावे टपाल तिकिटे काढली.

घर कोणी बांधले?

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात ॲरिस्टॉटलची चार कारणे शिकवताना उदाहरण नेहमी घराचेच असे. विटा आणि लाकूड हे द्रव्य, आराखडा हे रूप, बांधणारा हा कर्ता आणि राहणे हा हेतू. संत थॉमस अक्वायनसही सांगतात, की घर जमिनीवर उभे राहण्याआधी बांधणाऱ्याच्या मनात उभे असते. आम्ही ते पाठ करून परीक्षेत लिहिले. चूक त्यात काही नाही. पण वर्गातल्या त्या घराला कर्ता एकच असे. खऱ्या घराला शेकडो असतात. होबन यांच्या मनात घर उभे होते हे खरे. पण ते टॉम, पीटर, बेन, हॅरी आणि डॅनियल ह्यांच्या हातांतून जमिनीवर आले. मनातले घर त्यांच्यापैकी कोणाला विचारून ठरले नव्हते. त्यांच्या मनात कोणते घर होते, हे विचारणाराही कोणी नव्हता.

प्रभू येशू स्वतः सुताराच्या घरी वाढले. संत योसेफाने बनवलेली एकही वस्तू आज कोठे नाही. पण त्याचे नाव मिस्सेच्या प्रार्थनेत आपण घेतो. नाव घेणे ही ख्रिस्तसभेची जुनी सवय आहे. नाव घेतले की माणूस नुसता हात उरत नाही.

ह्या वर्षी आपल्या सभागृहाचे काम निघणार आहे. दूरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून गवंडी, सुतार आणि बिगारी येतील, पटांगणाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहतील. त्यांची मजुरी कंत्राटदाराच्या हाती न अडकता दर शनिवारी त्यांच्याच हातात पडते की नाही, पिण्याचे पाणी आणि संडासाची सोय आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आम्ही स्वतः घेत आहोत. पॅरिश कौन्सिलच्या सभासदांनी त्यात हात द्यावा. काम पुरे झाल्यावर पाटी बसेल, तेव्हा देणगीदारांच्या खाली त्यांचीही नावे कोरू. जागा कमी पडली तर पाटी मोठी घेऊ.

आणि एक विनंती. जुन्या छपराच्या त्या सागवानी कैच्या कोणाच्या हातच्या, हे कोणाच्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, कोणाच्या आजोबांनी त्या कामावर मजुरी केली असेल, तर मिस्सेनंतर कार्यालयात येऊन सांगा. आम्ही वही उघडून ठेवली आहे. पहिले पान अजून कोरे आहे.

आपले,
धर्मगुरू